लॉजच्या स्थापनेची पाटी वाचायची कशी?

अमेरिकेत किंवा इंग्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या शहरांत एखाद्या भिंतीवर, दुकानाच्या दाराशेजारी किंवा नुसत्याच खांबावर ब्राँझची पाटी असते, वर एक चिन्ह आणि खाली चार ओळी : अमुक लॉज, नंबर अमुक, स्थापना अमुक तारखेला, इथे पूर्वी असलेल्या अमुक टॅव्हर्नमध्ये, म्हणजे मद्यगृहात. लोक बघतात आणि पुढे जातात, आणि ते साहजिकच आहे, कारण त्या चार ओळी ज्यांना आधीच सगळं माहीत आहे त्यांच्यासाठीच लिहिल्यासारख्या असतात. मला मात्र या पाट्या फार महत्त्वाच्या वाटतात. विमा, पेन्शन, सरकारी मदत असलं काहीही नसताना साधी माणसं एकमेकांना कशी सांभाळायची, त्याचा तो पुरावा आहे. त्यामुळे या पाटीवरची तारीख, नंबर, "पहिलं" हा शब्द, जागा हे सगळं नक्की काय सांगतं ते जरा निवांत बघू.

आधी लॉज म्हणजे काय ते. इथे लॉज म्हणजे राहायची खोली नाही, तर बंधुभावाच्या तत्त्वावर चालणाऱ्या संघटनेची गावातली शाखा. फ्रीमेसन ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध, पण ऑड फेलोज, एल्क्स, नाइट्स ऑफ पिथियस अशा कितीतरी होत्या आणि काही अजून आहेत. सगळ्यांची रचना साधारण सारखीच : मेंबर होताना शपथ आणि विधी, मग एकेक पायरी म्हणजे डिग्री, ठरलेल्या दिवशी बैठक, वर्गणी, निवडून आलेले पदाधिकारी, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर ग्रँड लॉज. लोकांना वाटतं की फ्रीमेसन लोकांचं जगभराचं एकच मुख्यालय असेल आणि तिथून हुकूम सुटत असतील, पण तसं काही नाही. इंग्लंडचं ग्रँड लॉज वेगळं, स्कॉटलंडचं वेगळं, आयर्लंडचं वेगळं, आणि अमेरिकेत तर प्रत्येक राज्याचं स्वतंत्र, कोणी कोणाच्या हाताखाली नाही, फक्त एकमेकांना मान्यता द्यायची की नाही एवढंच ठरवतात. ही मान्यतेची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तारीख. लॉज "स्थापन झालं" म्हणजे एका दिवशी चार माणसं जमली आणि झालं, असं आपण समजतो, पण प्रत्यक्षात त्याच्या तीन-चार पायऱ्या असतात. अमेरिकेतल्या फ्रीमेसनांची नेहमीची पद्धत बघा. आधीच मेंबर असलेली काही माणसं एखाद्या गावात जमतात आणि ग्रँड लॉजकडे अर्ज करतात. ग्रँड मास्टर, म्हणजे ग्रँड लॉजचा प्रमुख, त्यांना तात्पुरती परवानगी देतो, तिला डिस्पेन्सेशन म्हणतात, आणि त्या काळात लॉजच्या नावापुढे नंबर नसतो, नुसतं "यू. डी." (अंडर डिस्पेन्सेशन) लिहिलेलं असतं. मग ग्रँड लॉजच्या वार्षिक सभेत त्यांची वही तपासतात, काम नीट चाललंय असं दिसलं की चार्टर देतात, म्हणजे कायमचा परवाना, आणि तेव्हाच नंबर मिळतो. त्यानंतर वरचे पदाधिकारी गावात येऊन धान्य, वाइन आणि तेल वापरून विधी करतात आणि लॉजचं रीतसर उद्घाटन होतं. इंग्लंडमध्ये चार्टरऐवजी वॉरंट म्हणतात आणि उद्घाटनाला कॉन्सिक्रेशन, पण गाभा तोच.

म्हणजे एकाच लॉजला चार वाढदिवस असू शकतात : पहिली बैठक, तात्पुरती परवानगी, चार्टर आणि उद्घाटन. पाटीवर यातली एकच तारीख येते आणि ती कोणीतरी निवडलेली असते. म्हणूनच पाटीवर नुसता "स्थापना" शब्द आहे, की "चार्टर्ड", "कॉन्स्टिट्यूटेड", "इन्स्टिट्यूटेड" यातलं काही आहे, ते बघून घ्यावं, कारण या शब्दांत कधी काही महिन्यांचं तर कधी वर्षांचं अंतर असतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण व्हर्जिनियातलं फ्रीमेसनांचं फ्रेडरिक्सबर्ग लॉज. या लॉजच्या वहीतली पहिली नोंद १ सप्टेंबर १७५२ ची. दोन महिन्यांनी, ४ नोव्हेंबरला, जॉर्ज वॉशिंग्टन नावाच्या २० वर्षांच्या तरुणाला इथे पहिली डिग्री मिळाली, त्याने प्रवेशासाठी भरलेले २ पाउंड ३ शिलिंग हिशेबात लिहिलेले आहेत, आणि ४ ऑगस्ट १७५३ ला तो तिसरी डिग्री घेऊन पूर्ण मेसन झाला. आणि लॉजचं चार्टर? ते स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजकडून आलं, तारीख २१ जुलै १७५८. म्हणजे अमेरिकेचा पुढे पहिला राष्ट्राध्यक्ष झालेला माणूस ज्या लॉजमध्ये दाखल झाला त्या लॉजकडे तेव्हा कागदच नव्हता! आजच्या नियमाने बघितलं तर हे भयंकरच वाटेल, पण त्या काळात जुन्या रिवाजाने, म्हणजे पुरेसे मेसन जमले की लॉज भरवायचं, असंही चालायचं, आणि कागद नंतर मागवायचा. आता सांगा, अशा लॉजच्या पाटीवर १७५२ लिहायचं की १७५८? दोन्ही खरं आहे, फक्त एक म्हणतं "आम्ही तेव्हा जमलो" आणि दुसरं म्हणतं "आम्हाला तेव्हा मान्यता मिळाली".

ऑड फेलोजची गोष्टही अशीच आहे आणि माझ्या मते ती जास्त हृदयाला भिडणारी आहे. थॉमस वाइल्डी हा लंडनचा लोहारकाम करणारा माणूस, गाड्यांच्या स्प्रिंगा बनवायचा, तिकडे ऑड फेलोजचा मेंबर होता. नंतर तो बाल्टिमोरला आला, परक्या गावात ओळखीचं कोणी नाही, तेव्हा त्याने आणि त्याचा मित्र जॉन वेल्च याने पेपरमध्ये जाहिरात दिली की इथे कोणी ऑड फेलो असतील तर भेटा. शेवटी पाच जण जमले आणि २६ एप्रिल १८१९ ला सेव्हन स्टार्स नावाच्या टॅव्हर्नमध्ये त्यांनी स्वतःच स्वतःचं लॉज सुरू केलं, वॉशिंग्टन लॉज नंबर १. तेव्हा कोणाची परवानगी होती? कोणाचीच नाही. चार्टर नंतर आलं, इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावच्या ड्यूक ऑफ यॉर्क लॉजकडून, १ फेब्रुवारी १८२० तारखेचं. पण ऑड फेलोज आजही वाढदिवस धरतात तो २६ एप्रिललाच. आणि मला ते बरोबर वाटतं, कारण त्या दिवशी ती पाच माणसं तिथे बसलेली होती. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या बंदराकडच्या भागात, फेल्स पॉइंटला, पिवळ्या तापाची साथ आली होती, आजारी माणसाकडे बघायला, मेलेल्याला पुरायला कोणी असणं ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती. वाइल्डीचा १८६१ मध्ये मृत्यू झाला आणि १८६५ मध्ये बाल्टिमोरच्या ब्रॉडवे रस्त्यावर त्याचं उंच खांबाचं स्मारक उभं राहिलं, ते अजून आहे.

पण मग अमेरिकेतलं "पहिलं" ऑड फेलो लॉज बाल्टिमोरचं का? तर नाही, १८०६ मध्येच न्यूयॉर्कमध्ये शेक्सपियर लॉज सुरू झालं होतं, ते काही वर्षांत बंद पडलं. बाल्टिमोरचं लॉज पहिलं आहे ते आजच्या संघटनेच्या वंशावळीतलं. म्हणून पाटीवर "पहिलं" दिसलं की लगेच विचारायचं, कशातलं पहिलं? पहिलं जमलेलं, पहिला कागद मिळालेलं, खंड न पडता चालू असलेल्यांत सगळ्यात जुनं, की आजच्या संघटनेच्या हिशेबातलं पहिलं? हे चारही दावे वेगवेगळे आहेत आणि एकाच शहरात चार वेगवेगळी लॉजेस चारही दावे अगदी प्रामाणिकपणे करू शकतात.

तारखेच्या बाबतीत सगळ्यात मोठा वाद तर खुद्द मुळाशीच आहे. फ्रीमेसनांचं जगातलं पहिलं ग्रँड लॉज २४ जून १७१७ ला लंडनमध्ये, सेंट पॉल्स कॅथेड्रलजवळच्या गूज अँड ग्रिडायरन या मद्यगृहात, चार लॉजेसनी एकत्र येऊन स्थापन केलं आणि अँथनी सेयर हा पहिला ग्रँड मास्टर झाला, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण ही हकीकत पहिल्यांदा नीट छापली गेली ती १७३८ मध्ये, जेम्स अँडरसनने तयार केलेल्या नियमपुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २१ वर्षांनी. १७२३ च्या पहिल्या आवृत्तीत ती नाही. ग्रँड लॉजची स्वतःची मिनिट्सची, म्हणजे बैठकांच्या नोंदींची, वहीसुद्धा जून १७२३ पासूनच सुरू होते. त्यामुळे काही इतिहासकारांनी अलीकडे असं मांडलंय की खरी सुरुवात १७२१ ला, ड्यूक ऑफ माँटेग्यू ग्रँड मास्टर झाला तेव्हा धरावी आणि १७१७ ही नंतर जोडलेली गोष्ट असावी. संस्थेने मात्र १७१७ सोडलं नाही, २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ३०० वर्षांचा मोठा सोहळा केला. माझं मत विचाराल तर २१ वर्षांनी लिहिलेली आठवण म्हणून ती टाकून द्यायची गरज नाही, पण तारखेसकट जशीच्या तशी पाटीवर कोरण्याइतका भक्कम पुरावाही तो नाही.

जुन्या पाट्यांवर आणि कोनशिलांवर कधी कधी ५७९३ असलं विचित्र साल दिसतं आणि माणूस गोंधळतो. त्याचं गणित अगदी सोपं आहे. फ्रीमेसन आपलं साल जगाच्या निर्मितीपासून मोजायचे, बायबलवरून काढलेला तो आकडा साधारण ख्रिस्तपूर्व ४००४ यायचा, तो सोयीसाठी ४००० धरला, त्यामुळे पाटीवरच्या सालातून ४००० वजा केले की झालं, ५७९३ म्हणजे १७९३. याला ॲनो ल्युसिस म्हणतात आणि पाटीवर नुसतं "ए. एल." लिहितात. रॉयल आर्च नावाची पुढची शाखा इसवी सनात ५३० मिळवते, म्हणून तिथे वेगळाच आकडा दिसेल. हे ५७९३ मी उगाच निवडलेलं नाही. १८ सप्टेंबर १७९३ ला जॉर्ज वॉशिंग्टनने मेसनिक विधीने अमेरिकेच्या कॅपिटॉल इमारतीची कोनशिला बसवली आणि तिच्याखाली चांदीची पाटी ठेवली, तिच्यावर मेसनरीचं साल म्हणून ५७९३ कोरलं होतं. मजकूर तेव्हाच्या पेपरात छापून आल्यामुळे आपल्याला माहीत आहे. ती पाटी आजवर सापडलेली नाही, कोनशिला नक्की कुठे आहे तेही खात्रीने सांगता येत नाही, आणि देशातली सगळ्यात महत्त्वाची मेसनिक पाटी कोणीच वाचू शकत नाही याची मला खरंच हुरहुर वाटते.

नंबरकडे वळू. लोक समजतात की नंबर लहान म्हणजे लॉज जुनं. साधारण बरोबर आहे, पण फसवणारं आहे. एक तर अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नंबर वेगळा चालतो, त्यामुळे व्हर्जिनियाचा नंबर ४ आणि शेजारच्या राज्याचा नंबर ४ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दुसरं म्हणजे इंग्लंडमध्ये नंबर अनेकदा बदलले. बंद पडलेली लॉजेस यादीतून काढून मधल्या रिकाम्या जागा भरायच्या, म्हणजे सगळ्यांचे नंबर वर सरकायचे, असं १७९२ मध्ये झालं, १८३२ मध्ये झालं, शेवटचं १८६३ मध्ये. त्यामुळे जुन्या कागदावरचा नंबर आणि आजच्या पाटीवरचा नंबर जुळला नाही तर लगेच कोणी खोटं बोलतंय असं समजू नये. शिवाय १७५१ पासून इंग्लंडमध्ये दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉजेस होती, नवीनवाले स्वतःला "एन्शंट" म्हणजे प्राचीन म्हणवायचे आणि जुन्यांना "मॉडर्न" म्हणायचे. २७ डिसेंबर १८१३ ला दोघं एक झाले तेव्हा नंबर १ कोणाला द्यायचा हा प्रश्न चिठ्ठ्या टाकून सोडवला, नंबर १ एन्शंटांच्या ग्रँड मास्टर्स लॉजला गेला आणि ज्या चार लॉजेसनी मूळ ग्रँड लॉज सुरू केलं असं मानतात त्यातल्या लॉज ऑफ अँटिक्विटीला नंबर २ वर समाधान मानावं लागलं. अमेरिकेतल्या पाट्यांवर कुठे "एफ अँड ए एम" (फ्री अँड ॲक्सेप्टेड मेसन्स) तर कुठे "ए एफ अँड ए एम" अशी अक्षरं दिसतात, तो जास्तीचा "ए" म्हणजे हाच एन्शंट शब्द, या जुन्या भांडणाचा मागे राहिलेला ठसा, आज व्यवहारात त्याने काही फरक पडत नाही.

स्कॉटलंडमध्ये तर नंबरावरून ६० हून जास्त वर्षं दुरावा होता. एडिनबराच्या मेरीज चॅपल लॉजकडे १५९९ सालची मिनिट्स आहेत, किलविनिंगच्या लॉजचा दावा की आम्ही त्याहून जुने, पण त्यांच्याकडे तितके जुने कागद नाहीत. १७३६ मध्ये ग्रँड लॉज झालं, यादीत कागद असलेल्यांना वरची जागा मिळाली, किलविनिंग नाराज होऊन १७४३ मध्ये बाहेर पडलं आणि १८०७ मध्ये परत आलं तेव्हा तोडगा असा निघाला की त्यांना १ च्याही आधीचा नंबर द्यायचा, म्हणजे ०. आजही ते मदर किलविनिंग नंबर ० आहे. मला हा तोडगा फार शहाणपणाचा वाटतो, कोणाचा नंबर काढून घेतला नाही आणि कोणाचा मानही गेला नाही.

जागेचं थोडक्यात सांगतो. जवळजवळ प्रत्येक जुन्या लॉजच्या पाटीत टॅव्हर्न का येतं, तर स्वतःची इमारत नसायची आणि गावात दहा-पंधरा माणसं दार लावून बसू शकतील अशी भाड्याची मोठी खोली मद्यगृहाच्या वरच्या मजल्यावरच मिळायची. बॉस्टनचं पहिलं लॉज १७३३ मध्ये बंच ऑफ ग्रेप्स टॅव्हर्नमध्येच भरलं. पुढे पैसे जमले की लॉजेस स्वतःची इमारत बांधायची आणि अमेरिकन गावांत त्याचा ठरलेला साचा होता, खाली दुकानं भाड्याने, वर लॉजचा हॉल, भाड्यातून इमारतीचा खर्च निघायचा आणि वरच्या मजल्यामुळे खिडकीतून कोणी आत डोकावू शकायचं नाही. म्हणूनच आज औषधाच्या किंवा कपड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर, छताजवळच्या दगडात तीन साखळीच्या कड्या कोरलेल्या दिसतात (ऑड फेलोज : मैत्री, प्रेम, सत्य) किंवा काटकोनाची पट्टी आणि कंपास (फ्रीमेसन). पाटी नसली तरी त्या चिन्हावरून इमारत ओळखता येते. मूळ टॅव्हर्न मात्र बहुतेक वेळा कधीच पाडलेलं असतं, त्यामुळे पाटीवर "या जागी" आहे की "या जागेच्या जवळ" तेही नीट वाचा.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती, म्हणजे पैसा आणि मदत. पाटीवर हे कधीच नसतं आणि खरं तर हेच सगळ्यात महत्त्वाचं होतं. ऑड फेलोजच्या मेंबरांचं कर्तव्य चार गोष्टींत सांगितलेलं आहे : आजाऱ्याला भेटा, अडचणीत असलेल्याला मदत करा, मेलेल्याला पुरा, अनाथाला शिकवा. हे नुसतं भिंतीवर लावायचं वाक्य नव्हतं. मेंबर आजारी पडला आणि कामावर जाता येईना की लॉज त्याला आठवड्याला ठरलेली रक्कम द्यायचं, एक समिती घरी जाऊन बघून यायची (खरंच आजारी आहे का हेही कळायचं आणि माणसाला सोबतही व्हायची), मेला तर अंत्यसंस्काराचा खर्च, मागे विधवा-मुलं असतील तर त्यांना आधार. बरीच लॉजेस वर्षाला ठरावीक पैसे देऊन एक डॉक्टरच बांधून ठेवायची, जो सगळ्या मेंबरांना बघायचा, आणि २०व्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरांच्या संघटनांनी या पद्धतीला मोठा विरोध केला कारण त्यांच्या फीचे दर पडत होते. त्या काळात अमेरिकेतल्या प्रौढ पुरुषांपैकी साधारण तिघांतला एक कुठल्या ना कुठल्या लॉजचा मेंबर होता असा अंदाज आहे. तेव्हा कामगाराला दुसरी सोय होती कुठे?

यातला विमा कसा चालायचा आणि नंतर का कोलमडला हे समजून घेण्यासारखं आहे. २७ ऑक्टोबर १८६८ ला पेनसिल्व्हेनियातल्या मीडव्हिल गावी जॉन जॉर्डन अपचर्च नावाच्या रेल्वेच्या मेकॅनिकने एन्शंट ऑर्डर ऑफ युनायटेड वर्कमेन सुरू केली. कल्पना अशी की एखादा मेंबर मेला की बाकी प्रत्येकाने एक डॉलर काढायचा आणि जमलेली रक्कम त्याच्या घरच्यांना द्यायची. आधी हप्ता नाही, फंड नाही, ऑफिसचा खर्च नाही, माणूस गेला की वर्गणी. समजा १००० मेंबर आहेत आणि सगळे तरुण, वर्षाला ५ मृत्यू झाले तर प्रत्येकाचे ५ डॉलर गेले, कोणाला जड नाही. पण हीच माणसं २५ वर्षांनी म्हातारी झाली, आता वर्षाला २५ मृत्यू, म्हणजे प्रत्येकाला २५ डॉलर. आता बाहेरचा २५ वर्षांचा मुलगा विचार करतो की मी ६० वर्षांच्या माणसाइतकीच वर्गणी का भरू, तो येत नाही, आत असलेले तरुण सोडून जातात, मग मेंबर कमी, मृत्यू तेवढेच, वर्गणी अजून वाढते, अजून लोक सुटतात. चूक माणसांच्या हेतूत नव्हती, वय न बघता सगळ्यांना सारखी वर्गणी लावली तिथे होती. पुढे बऱ्याच संघटनांनी वयानुसार दर आणि राखीव फंड आणला, ज्यांनी वेळेत आणला त्या टिकल्या. मग १९३० च्या दशकातली मंदी, १९३५ चा सोशल सिक्युरिटी कायदा, कंपन्यांकडून मिळणारा ग्रुप विमा, आणि लॉजचं मुख्य कामच हळूहळू दुसऱ्यांच्या हातात गेलं. इमारती विकल्या गेल्या. आज अनेक ठिकाणी लॉज नाही, हॉल नाही, फक्त पाटी आहे, ती त्यामुळे.

आणि पाटीवर कोण नाही, हेही बघायला हवं. या संघटना बंधुभावाच्या होत्या, पण तो बंधुभाव सगळ्यांना मिळत नव्हता. बायकांना बहुतेक लॉजेसमध्ये प्रवेशच नव्हता, ऑड फेलोजनी १८५१ मध्ये रिबेका डिग्री काढून दार थोडं उघडलं. काळ्या लोकांचं तर सरळ दारच बंद. बॉस्टनमध्ये प्रिन्स हॉल नावाचा चामड्याचं काम करणारा स्वतंत्र काळा माणूस होता, गुलामगिरी बंद करा म्हणून १७७७ मध्ये मॅसेच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे जो अर्ज गेला त्यावर सही करणाऱ्यांतला एक. तो आणि आणखी १४ काळे पुरुष मेसन झाले ते ब्रिटिश सैन्याच्या रेजिमेंटबरोबर फिरणाऱ्या आयरिश परवान्याच्या लॉजमध्ये, परंपरेने तारीख ६ मार्च १७७५ सांगतात. सैन्य निघून गेलं. मागे राहिलेल्यांना एवढीच मुभा होती की एकत्र जमा, सेंट जॉनच्या दिवशी मिरवणूक काढा, आपल्या माणसांना पुरा, पण नवीन कोणाला मेसन करायचं नाही. कारण कागद नाही. गोऱ्या अमेरिकन लॉजेसनी दाद दिली नाही तेव्हा हॉलने थेट लंडनला पत्र लिहिलं. लंडनने वॉरंट मंजूर केलं, तारीख २९ सप्टेंबर १७८४, आफ्रिकन लॉज नंबर ४५९. पण कागद जहाजाने बॉस्टनला पोचायला १७८७ चा एप्रिल उजाडला, अडीच वर्षं!

पुढचं अजून वाईट आहे. १७९२ च्या फेरनंबरात ४५९ चा ३७० झाला. मग १८१३ च्या एकत्रीकरणानंतर जी नवी यादी आली तिच्यातून आफ्रिकन लॉजचं नावच गळलं. बॉस्टनची माणसं वाट बघून शेवटी १८२७ मध्ये म्हणाली की आता आम्ही स्वतंत्र. आणि गोऱ्या ग्रँड लॉजेसनी मग पुढची दीडशेहून जास्त वर्षं हेच कारण पुढे केलं की तुमचा कागद रद्द झालाय, तुम्ही नियमबाह्य आहात. वर फ्रेडरिक्सबर्गचं उदाहरण दिलंय ते इथे आठवा, कागद नसताना सहा वर्षं चाललेलं लॉज चाललं, कागद असलेलं चाललं नाही. नियम एकच होता असं कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. कनेक्टिकटच्या ग्रँड लॉजने प्रिन्स हॉल मेसनना मान्यता दिली ती १९८९ मध्ये आणि इंग्लंडच्या ग्रँड लॉजने मॅसेच्युसेट्सच्या प्रिन्स हॉल ग्रँड लॉजला मान्यता दिली १९९४ मध्ये. ते १७८४ चं मूळ वॉरंट बॉस्टनच्या लोकांनी आजवर जपून ठेवलंय. ऑड फेलोजमध्येही तोच प्रकार झाला, न्यूयॉर्कच्या काळ्या लोकांना अमेरिकन संघटनेने नाकारलं तेव्हा पीटर ऑग्डेन या जहाजावर काम करणाऱ्या माणसाने, जो इंग्लंडमध्ये आधीच मेंबर झालेला होता, तिकडून चार्टर मिळवलं आणि १८४३ मध्ये फिलोमॅथियन लॉज नंबर ६४६ सुरू झालं. काळ्या ऑड फेलोजचं अमेरिकेतलं पहिलं लॉज आणि नंबर ६४६, आता हा मोठा नंबर का ते लगेच कळेल : यादी इंग्लंडची होती.

शेवटचं, पाटी लावतं कोण? पुष्कळदा स्वतः लॉजच, शंभर किंवा दोनशे वर्षं झाली की वर्गणी काढून. काही वेळा राज्याचा किंवा शहराचा इतिहास विभाग लावतो, पण तिथेही अर्ज आणि बऱ्याचदा खर्च लॉजकडूनच येतो, म्हणून खालच्या कोपऱ्यातलं लहान अक्षरातलं नाव आणि पाटी लावल्याचं साल आवर्जून वाचावं. १८१९ च्या घटनेची पाटी १९१९ मध्ये लागली असेल तर ती शंभर वर्षांनंतरच्या लोकांना काय आठवायचं होतं तेही सांगते. दावा तपासायचा असेल तर तीन ठिकाणी बघायचं : लॉजच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलेलं चार्टर, त्यावर तारीख आणि देणाऱ्याचं नाव असतं, ग्रँड लॉजचे छापील वार्षिक अहवाल, जुने बरेचसे ऑनलाइन स्कॅन करून ठेवलेले आहेत, त्यात डिस्पेन्सेशन कधी आणि चार्टर कधी हे वेगवेगळं दिलेलं सापडतं, आणि लॉजची मिनिट्सची वही, जी मिळणं सगळ्यात अवघड, पण कोण आजारी होतं, कोणाच्या विधवेला किती दिले आणि कोणाचा अर्ज नामंजूर झाला ते फक्त तिच्यातच असतं.